परिच्छेदाचा रकाना

माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईंनी स्वतःला गरीब गाय करून दाखवलं. हदगावच्या पुढं डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमची शाळा लागते, पहिली ते दहावी. तिथं मी मराठी शिकवते. मूळची मी जळकोटकडची. आई लातुरात एकटी राहते, आणि मी गेली कित्येक वर्षं बदलीच्या यादीत आपलं नाव शोधत इथंच बसलेली आहे. दर उन्हाळ्यात यादी येते आणि दर उन्हाळ्यात मी चार दिवस कुणाशी धड बोलत नाही.

ज्या मुलीबद्दल सांगायचंय ती माझ्या वर्गात सहावीला आली. बारीक अंगकाठी, तेल चोपडून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, आणि तोंड असं की बस्स. वर्गात काही विचारायचा अवकाश, हिचं उत्तर तयार. कुणाच्या म्हशीचं कितवं वेत आहे इथपासून मागच्या पंधरा ऑगस्टला सरपंच भाषणात कुठं अडखळले इथपर्यंत सगळं हिच्या डोक्यात. कानावर पडलेलं काही म्हणून सांडायची नाही. मला ती फार आवडायची. तिच्या आईला मी भर बाजारात सांगितलं होतं, तुमची पोरगी लई हुशार हाय, हिला शिकवा.

आता आमच्या वाचन चाचणीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दरवर्षी प्रत्येक पोराचं वाचन मोजायचं असतं. त्याचा एक तक्ता येतो. अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट असे रकाने. पोराच्या नावापुढं योग्य त्या रकान्यात खूण करायची आणि खाली वर्गशिक्षकानं सही करायची. तक्ता केंद्रावर जातो, तिथून तालुक्याला, तिथून पुढं कुठं जातो देव जाणे. मोठ्या वर्गातलं लेकरू परिच्छेदाच्या अलीकडं अडकलं की वरून विचारणा होते. विचारणा झाली की मुख्याध्यापकांचं तोंड उतरतं, आणि त्यांचं उतरलं की आमचं आठवडाभर काही खरं नसतं. म्हणून आमच्या शाळेत परिच्छेदाच्या अलीकडं कुणी अडकतच नाही.

ते कसं, तर त्याला आम्ही तयारी म्हणतो. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याकडून चाचणीचा परिच्छेद आठ-दहा दिवस आधीपासून पाठ करून घ्यायचा. पण तपासायला येणारे साहेब नुसतं तोंड बघत नाहीत, बोट बघतात. पोरगं एक शब्द बोलतंय आणि बोट दुसऱ्याच शब्दावर आहे, तर पकडलं गेलं. म्हणून बोटाचीही तालीम. आवाजाबरोबर बोट चाललं पाहिजे, मोठ्या शब्दावर जरा जास्त थांबलं पाहिजे, ओळ संपली की खाली डावीकडं आलं पाहिजे. बोट पुढं पळालं की मी टेबलावर पट्टी आपटायची. वाचायला शिकवायला जेवढा जीव लावला नसेल तेवढा मी बोट चालवायला शिकवण्यात लावलाय. हसू नका, तुमच्याकडंही काही वेगळं नसणार.

सहावीत त्या मुलीनं परिच्छेद खणखणीत म्हणून दाखवला. बोट नेमकं शब्दावर. साहेबांनी मान डोलावली, मी परिच्छेदाच्या रकान्यात खूण केली आणि सही ठोकली. त्या वर्षी मला काहीच कळलं नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. तयारीवाली पोरं कोपऱ्यात बसून मोठ्यानं घोकायची, ते हिनं ऐकून ऐकून उचललं असणार, असंही वर सांगायची.

उघड पडलं ते सातवीत. मी तिला धडा वाचायला उभं केलं आणि सवयीनं बाकांमधून फिरत तिच्या पाठीमागं गेले. धडा झक्कास चालला होता. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बोटही चाललं होतं. फक्त समोर उघडं पान होतं ते कवितेचं. कडव्यांच्या छोट्या छोट्या ओळींवरून तिचं बोट सरकत होतं आणि तोंडातून गद्य धडा येत होता.

माझ्या डोक्यात सणक गेली. मी पुस्तक हिसकावून घेतलं आणि फळ्यावर फेकून मारलं. "फसवतेस मला? इतके दिवस मला वेड्यात काढून राहिलीस?" ती खाली बघत उभी राहिली. रडली नाही, बोललीही नाही. एरवी एवढं तोंड असलेल्या पोरीनं त्या दिवशी तोंड उघडलं नाही, याचाच मला जास्त राग आला. तास संपेपर्यंत मी तिला उभीच ठेवली.

आणि चार महिन्यांनी चाचणीचा तक्ता आला तेव्हा मी काय केलं असेल? परिच्छेद. सही. मुख्याध्यापकांसमोर मी नुसता विषय काढून बघितला होता. ते म्हणाले, "मॅडम, एका खुणेसाठी शाळेची इज्जत घालवता का? पोरगी हुशार हाय, शिकंल हळूहळू." मलाही तेच ऐकायचं होतं, खोटं कशाला बोलू? बदलीच्या अर्जाबरोबर कामाचा अहवाल जातो. आठवीतही तसंच. परिच्छेद. सही.

आठवीच्या शेवटी मला लातूरला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विशेष गरजा असलेल्या मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं, असा विषय. मी गेले ती आईकडं तीन दिवस राहायला मिळेल म्हणून. पहिला दिवस मी मागच्या खुर्चीत झोपेत काढला. दुसऱ्या दिवशी शिकवायला आलेल्या बाईंनी सगळ्यांना एकेक कागद वाटला आणि नेमकं मलाच उठवलं. म्हणाल्या, वाचा मोठ्यानं. मराठीच होतं, पण अक्षरं सरकवलेली, काने-वेलांट्या भलत्यांना चिकटवलेल्या, शब्द नको तिथं तोडलेले. त्यांनी घड्याळ लावलं. मी दोन शब्द वाचले आणि तिसऱ्यावर अडकले. "लवकर मॅडम. पाचवीच्या पुस्तकातलं आहे, सोपं आहे." मागून कुणीतरी हसलं. कानशिलं तापली माझी. नोकरीला लागून वीस वर्षं झालेली बाई मी, मराठीची, आणि मला मराठी वाचता येईना. मी कागद टेबलावर टाकला. "हे काय वाचायच्या लायकीचं हाय का?"

त्या बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही आत्ता चिडलात ना? तुमच्या वर्गात कुणीतरी रोज असंच वाचतंय. त्याला कागद टाकून द्यायचीही सोय नाही."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन दोन पेले पाणी प्यायले. मला त्या मुलीची मान आठवत होती, खाली घातलेली. मग आत येऊन पहिल्या रांगेत बसले आणि उरलेला दीड दिवस झपाटल्यासारखं सगळं लिहून घेतलं. घरी आईनं विचारलं, काय झालं गं, जेवत का नाहीस. मी तिच्यावरच ओरडले. माझं असंच आहे.

नववीला मी मागून तोच वर्ग घेतला. पहिल्या आठवड्यात तिला बोलावून म्हटलं, "आजपासून तुला कुणी अचानक उठवून वाचायला लावणार नाही. मी पण नाही." ती माझ्याकडं संशयानं बघत राहिली. तिचं बरोबरच होतं.

मग मी काय काय केलं ते सांगते. हदगावच्या झेरॉक्सवाल्याकडून धड्यांची पानं मोठी करून आणली, एका पानाची चार. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापली. ती पानावर ठेवली की एकच ओळ दिसते, वरची खालची गर्दी झाकली जाते. फळ्यावरचं उतरवून घ्यायची सक्ती काढली. चाचण्या तोंडी घेतल्या. आणि माझ्या फोनमध्ये एक ॲप घेतलं. पानावर कॅमेरा धरला की ते मोठ्यानं वाचून दाखवतं. मराठी वाचतं, पण कसं, तर नुकत्याच रुजू झालेल्या परप्रांतीय साहेबासारखं. धडा संपला तरी थांबायचं नाही, खालचा पानाचा आकडाही तेवढ्याच गंभीरपणे वाचायचं. ती पोरगी दोन दिवसांत त्याची हुबेहूब नक्कल करायला लागली. "पान क्रमांक बेचाळीस," असं नाकातून म्हणायची आणि वर्ग लोळायचा. वर्ग तिला नाही, तिच्याबरोबर हसत होता. हे सातवीनंतर पहिल्यांदा.

फोन माझा, त्यामुळं घरी काय हा प्रश्न होताच. तिच्या बापाचा फोन बापाच्या खिशात. पण त्यांच्या घरी मेमरी कार्डावर गाणी वाजवायचा एक लहानसा डबा होता, आपल्याकडं घरोघरी असतो तसा. मी इतिहासाचे नि विज्ञानाचे धडे माझ्या आवाजात भरून त्या कार्डात घालून दिले. ती डबा घेऊन कापूस वेचायला जायची. महिन्याभरानं तिच्याबरोबर वेचणाऱ्या दोन बाया मला रस्त्यात आडव्या आल्या. "बाई, त्या राजानं किल्ला सोडला का न्हाई मग? पुढचं भरून द्या की कवातरी." मी त्या दिवशी शाळेपर्यंत एकटीच हसत गेले.

पोरं कुरकुरली, नाही असं नाही. एक चष्मेवाली म्हणाली, "बाई, तिला तोंडी अन् आम्हाला लेखी, हे कुठलं?" मी म्हटलं, "तुझा चष्मा काढ आणि फळ्यावरचं वाच बरं." तिनं चष्मा नाकावर घट्ट बसवला. तिमाहीला त्या मुलीला इतिहासात वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले. माझ्या वर्गनोंदवहीत मी मात्र त्या वर्षी पहिल्यांदा खरं लिहिलं. वाचन पातळी: शब्द.

इथपर्यंत मला वाटत होतं की मी सुटले. केलेली चूक निस्तरली, झालं. पण दहावी काही माझ्या वर्गात होणार नव्हती. बोर्डाच्या परीक्षेला प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला, उत्तरं लिहायला लेखनिक हवा असेल, वाढीव वेळ हवा असेल, तर वाचनाच्या अडचणीचं प्रमाणपत्र लागतं. मोठ्या दवाखान्यात तपासणी होते, मग ते मिळतं. आणि ते ठरलेल्या तारखेच्या आत शाळेमार्फत जावं लागतं.

तिच्यासाठी ही परीक्षा म्हणजे काय होतं ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिची थोरली बहीण दहावीला मराठी आणि विज्ञानात गेली, पुन्हा बसली, पुन्हा गेली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिचं लग्न लागलं. बाप काही वाईट माणूस नव्हे. मला तोंडावर म्हणाला, "बाई, दहावी निघाली तर नांदेडला ठेवून शिकवतो. नर्स व्हायचं म्हणून राहिली, हाव म्हणलंय मी. पण न्हाई निघाली तर बसवून काय करू, तुमीच सांगा." थोरली वाचत कशी होती हे कुणी बघितलंच नव्हतं. ती दुसऱ्या गुरुजींच्या वर्गात होती. तिच्याही नावापुढं परिच्छेदच असणार.

दहावीच्या दिवाळीनंतर ती, तिची आई आणि मी, तिघी एसटीनं नांदेडला गेलो. तीन खेपा झाल्या. तपासणाऱ्या मॅडम वयानं माझ्याहून लहान, बोलायला शांत. त्यांनी तिला शब्द वाचायला दिले, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं जुळवायला दिली, तिच्याकडून शाळेबद्दल, गावाबद्दल बोलून घेतलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी मागच्या वर्षांच्या नोंदी मागितल्या. मी फाईल पुढं केली. त्या एकेक पान उलटत गेल्या आणि थांबल्या.

"सहावी, परिच्छेद. सातवी, परिच्छेद. आठवी, परिच्छेद. आणि नववीत शब्द?" त्यांनी वर बघितलं. "मुलगी नववीत वाचायला विसरली का?"

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं.

"ही सही कुणाची आहे?"

"माझीच."

त्यांनी फाईल मिटली. म्हणाल्या, "मॅडम, मुलीला त्रास आहे हे मला दिसतंय. पण फाईल उलटं बोलते. लेखनिक मिळावा म्हणून नववी-दहावीत अचानक त्रास सुरू झालेली पुष्कळ मुलं येतात इथं. वरचे लोक आधी जुनी नोंद बघतात, या नोंदीवर ते एका मिनिटात अर्ज बाजूला टाकतील. या नोंदी चुकीच्या असतील तर तसं लेखी आणा. का चुकल्या तेही आणा. शुक्रवारपर्यंत. त्यानंतर बोर्डाची तारीख निघून जाईल."

परतीच्या गाडीत तिच्या आईनं विचारलं, "काय म्हणल्या त्या?" मी म्हटलं, एक कागद कमी पडला. ती बिचारी म्हणाली, "बाई हायत म्हणल्यावर कागदाचं काय एवढं." मी खिडकीबाहेर बघत बसले. माझ्या सहीतून बाहेर पडायला मला माझ्याच सहीची गरज होती आणि तिच्या खाली मुख्याध्यापकांचा शिक्का.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लोटून घेतलं.

"म्हणजे तुम्ही लिहून देणार की नोंदी खोट्या हायत? एका पोरीच्या? मग बाकीच्यांच्या काय खऱ्या हायत का मॅडम? उद्या कुणी विचारलं तर? तुमच्याबरोबर सगळे गुरुजी जातील. मी जाईन. रिटायर व्हायला माझी दोन वर्षं राहिलीत."

"मग त्या पोरीचं काय करायचं सर?"

"परीक्षेला बसू द्या की. केंद्र आपल्या ओळखीचं हाय. कुणी ना कुणी मदत करतंच. चिठ्ठी जाईल तिच्यापर्यंत."

आता सांगा, मी काय करावं? मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं. "सर, चिठ्ठी ती वाचणार कशी?"

ते समोरचे कागद सारखे करत म्हणाले, "शिक्का मी देणार न्हाई. तुमची बदली तोंडावर हाय, जरा विचार करा." ते धमकी देत नव्हते. खरंच माझ्या काळजीनं बोलत होते, आणि तेच मला सहन होईना. मी दार आपटून बाहेर आले.

दोन दिवस मी नुसती तडफडले. वर्गात उगीच ओरडले, एका पोराला खामखा बाकावर उभं केलं. लिहायला बसले की पहिली ओळ व्हायची नाही. "नजरचुकीने" असं लिहून बघितलं. ते खोटं होतं, मी फाडलं. "तत्कालीन परिस्थितीत" असं लिहिलं. तेही फाडलं. आईला फोन केला तर ती म्हणाली, "या खेपेला येतेस ना गं यादीत?" मी म्हटलं बघू, आणि फोन ठेवला. कुठंही पळायला जागा नव्हती. गप्प राहिले तर ती पोरगी थोरलीच्या वाटेनं जाणार, बोलले तर मी आणि माझ्याबरोबर सगळी शाळा. सगळ्यात वाईट म्हणजे ती रोज समोर पहिल्या बाकावर बसून विचारायची, "बाई, झाला का कागद?"

गुरुवारी मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये कुणी नसताना, मी एका दमात लिहून काढलं. या मुलीला वाचता येत नाही हे मला सातवीत कळले. तरीही सातवी आणि आठवी अशी दोन वर्षे मी तिच्या नावापुढे परिच्छेदाच्या रकान्यात खोटी खूण करून सही केली. सहावीच्या वर्षी मला याची कल्पना नव्हती. या नोंदींना मी जबाबदार आहे, मुलगी नाही. सही केली. शिक्क्याची जागा रिकामी ठेवली.

शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आम्ही तिघी परत नांदेडला गेलो. बाहेर बाकड्यावर बसून नंबर यायची वाट बघत होतो. तिनं विचारलं, "बाई, त्यात काय लिवलंय?"

मी म्हटलं, सांगते. वाचणाऱ्या ॲपसाठी फोन काढायला मी पर्समध्ये हात घातला, म्हणजे माझ्या तोंडानं सांगायला नको.

"न्हाई. मी वाचते."

मी कागद तिच्या हातात दिला. तिनं दप्तरातून पुठ्ठा काढला, पहिल्या ओळीवर ठेवला आणि सुरुवात केली. या. मु. मुलीला. वाच... वाचता. एकेका शब्दाला किती वेळ लागत होता म्हणून सांगू. मधे पाठ केलेलं काही नव्हतं, उचललेलं काही नव्हतं. हे खरं वाचन होतं, चार वर्षांत पहिल्यांदा मी अख्खा कागद तिच्या तोंडून असा ऐकत होते, आणि वाचायला माझंच पाप होतं. मला पुढचा शब्द सांगून मोकळं व्हायचं होतं. पण मधे सांगायचं नाही हा नियम नववीत मीच घातलेला. शेजारी तिची आई पदर तोंडाशी धरून ऐकत होती. आत दोन नंबर होऊन गेले. "खो... खोटी," ती म्हणाली, आणि पुढच्या ओळीवर गेली.

शेवटची ओळ वाचून तिनं पुठ्ठा बाजूला घेतला आणि परत वरच्या एका ओळीवर ठेवला.

"बाई, हे चुकलंय."

"कुठलं?"

"सहावीत तुम्हाला कल्पना नव्हती, असं लिवलंय. मी सांगितलं होतं की तुम्हाला." तिच्या आवाजात राग नव्हता. सरपंच कुठं अडखळले हे सांगताना असायचा तसाच आवाज. "चाचणीच्या आदल्या दिवशी. तुम्ही हापशापाशी हात धुत होता. मी म्हणलं, बाई मला वाचता येत न्हाई, अक्षरं हालतात. तुम्ही म्हणलात, उद्या साहेब येऊन राहिले, आता नाटकं करू नको. जा, त्यांच्यात बसून पाठ कर. अन् मग बोट कसं चालवायचं ते तुम्हीच माझा हात धरून शिकवलं."

मला हे आठवत नव्हतं. खरं सांगते, आजही आठवत नाही. हापसा आठवतो, साहेब येणार होते ते आठवतं, ही माझ्यासमोर उभी राहिलेली आठवत नाही. पण नाटकं करू नको हे शब्द माझेच. दिवसातून दहा वेळा मी ते म्हणते. आणि तिच्या कानावर पडलेलं कधी सांडत नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

तिची आई एवढंच म्हणाली, "अकरा वर्षांचं लेकरू हो बाई."

मी पेन काढलं. ती ओळ खोडली. सातवीत कळलेचं सहावीत केलं, खोट्या खुणांच्या वर्षांत सहावी वाढवली, दोनचे तीन केले आणि प्रत्येक खाडाखोडीच्या बाजूला सही केली. तपासणाऱ्या मॅडमनी कागद दोनदा वाचला, खोडलेली ओळ उजेडाला धरून बघितली. शिक्का का नाही विचारलं. मिळणार नाही, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि तो कागद फाईलच्या सगळ्यात वर लावला.

तिला लेखनिक मिळाला, वाढीव वेळ मिळाला. आठवड्यापूर्वी तिचा शेवटचा पेपर झाला. निकालाचं मला माहीत नाही, पण केंद्रावरून बाहेर येऊन तिनं मला सगळ्या प्रश्नपत्रिका तोंडपाठ म्हणून दाखवल्या. बदलीच्या यादीतून माझं नाव काढून टाकलंय. शाळेतले दोन गुरुजी माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला वाटत नाही. काल कारणे दाखवा नोटीस आली. त्यात सहा प्रश्न आहेत. पाच प्रश्नांवर मी अजून बसलेली आहे. तिसरा असा: सदर विद्यार्थिनीस वाचता येत नाही ही बाब आपल्या निदर्शनास प्रथम केव्हा व कशी आली?

त्याचं उत्तर मी लिहून टाकलं. सहावीत. तिनं स्वतः येऊन सांगितलं होतं.